कोरसमधली नऊ वर्षं आणि साठ खुर्च्यांचा क्लब

प्रिय विंगेतली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सगळं इथं छापता येणार नाही, म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तू ३४ वर्षांची आहेस, नऊ वर्षं म्युझिकल थिएटरमध्ये काढलीस आणि ती सगळी एन्सेम्बलमध्ये, म्हणजे मागच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या घोळक्यात. गेली दोन वर्षं एका मोठ्या म्युझिकलच्या नायिकेची अंडरस्टडी, म्हणजे ती नसेल तेव्हा तिचं काम करणारी, आहेस, आजवर ११ वेळा तिच्या जागी उभी राहिलीस आणि त्या अकराही तारखा तुला पाठ आहेत. आता एका साठ खुर्च्यांच्या क्लबने तुला महिन्यातून एक रात्र देऊ केलीय, तासाभराचा कॅबरे, सोबत फक्त पियानो, आणि पैसे गल्ल्यातल्या वाटणीतून. तुला गाणं शिकवलेल्या बाई म्हणाल्या की ही पायरी खाली उतरणं आहे, घरी तर 'कॅबरे' शब्द ऐकूनच सगळे गप्प झाले, आणि एजंट म्हणाला की आता वय बघ, मुलीच्या भूमिकेला तू मोठी आणि आईच्या भूमिकेला लहान. तुझा प्रश्न आहे की म्युझिकल सोडून क्लबला हो म्हणू का. आणि शेवटी जाता जाता दोन ओळी, एक म्हणजे सहा महिने झाले सकाळी वरचे सूर लागत नाहीयेत आणि दुसरी म्हणजे क्लबमध्ये घालू काय.

मी त्या शेवटच्या दोन ओळींमधल्या पहिलीपासून सुरू करते, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू तिथे उरकून टाकलीयस.

सहा महिने वरचे सूर न लागणं याला दमणूक म्हणत नाहीत गं. आठवड्याला आठ प्रयोग, त्यातले दोन दिवस दुपारी एक आणि संध्याकाळी एक, वर अंडरस्टडीच्या तालमी, हे करताना गळा एखाद आठवडा बसला तर समजू शकते, पण सहा महिने म्हणजे स्वरतंतूंवर काहीतरी चाललंय. गाठी असतील, सूज असेल, पोटातली आम्लता वर येत असेल, काहीही असेल, पण ते बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही आणि बघायला गायकांचे गळे तपासणारा ईएनटी डॉक्टर लागतो, जो स्ट्रोबोस्कोपी करतो. त्यात स्वरतंतू हलताना जणू संथ गतीत दिसतात आणि कुठे नीट मिटत नाहीयेत ते कळतं. मी स्वतः एका टूरवर चौदा महिने अशीच गायले, कंपनीला सांगितलं नाही, कारण सांगितलं की आपली जागा दुसरीला मिळेल ही भीती, आणि त्या कंपनीत खरंच तसं एकदा दुसऱ्या मुलीबाबत झालेलं मी पाहिलं होतं. मी वाफ घेऊन, गरम पाणी पिऊन, कुजबुजत बोलून दिवस काढले. कुजबुजल्याने गळ्याला आराम मिळतो असं मला वाटायचं आणि ते साफ चूक होतं, कुजबुजताना बऱ्याच जणांच्या गळ्यावर उलट जास्त ताण येतो. शेवटी मला पाच महिने गाणं पूर्ण बंद ठेवावं लागलं. लवकर गेले असते तर कदाचित पाच आठवड्यांत भागलं असतं.

घाबरवायला हे सांगत नाहीये. गाठींचं निदान झालं तरी बऱ्याच जणांना विश्रांती आणि स्पीच थेरपीने बरं वाटतं, ऑपरेशन लागतंच असं नाही. आणि ऑपरेशनचा विषय निघालाच तर घाई करू नको, दुसऱ्या डॉक्टरचं मत घे. ज्युली अँड्र्यूजसारख्या गायिकेचा तो स्वच्छ चार सप्तकांचा म्हणून गाजलेला आवाज १९९७ मध्ये गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परत आला नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. क्लबला उत्तर द्यायच्या आधी हे कर. कारण डॉक्टर काय म्हणतो त्यावर क्लबचं उत्तर अवलंबून आहे, उलटं नाही.

आता कॅबरे. तुझ्या घरच्यांचा मला राग येत नाही, मराठीत हा शब्द आपल्यापर्यंत सिनेमातून पोचला, हॉटेलातली धुराने भरलेली खोली, चमचमते कपडे आणि खलनायकासमोर नाचणारी बाई, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर तेच येतं. मूळ गोष्ट वेगळी आहे. १८८१ मध्ये पॅरिसच्या माँमार्त्र भागात रोदोल्फ सालिसने 'ल शा न्वार' म्हणजे 'काळं मांजर' नावाचा कॅबरे सुरू केला, तिथे कवी यायचे, चित्रकार यायचे, गाणारे आपली स्वतःची गाणी समोर बसलेल्यांच्या तोंडावर म्हणायचे, सत्ताधाऱ्यांची टर उडवायचे. आरिस्तीद ब्र्युआँ तिथेच गायचा आणि नंतर त्याने स्वतःची जागा काढली. पुढे बर्लिनमध्ये १९२० च्या दशकात याला राजकीय धार आली. न्यूयॉर्कमध्ये त्याचं रूप बदलून एक माणूस, एक पियानो, एक छोटी खोली असं झालं आणि तिथेही सरकारला हा प्रकार संशयास्पद वाटायचाच, १९२६ चा तिथला कॅबरे कायदा थेट २०१७ मध्ये रद्द झाला. म्हणजे शब्दावरचा डाग फक्त आपल्याच घरात नाहीये. तुला जे करायला सांगितलंय ते मराठीत समजावायचं तर मी 'छोटी मैफल' म्हणेन, जिच्यात गाण्याइतकंच महत्त्व गाण्यांच्या मधल्या बोलण्याला असतं आणि कलाकार दुसऱ्या कुणाची भूमिका करत नाही.

हे शेवटचं वाक्य तुझ्यासाठी आहे. तू पत्रात लिहिलंयस, 'माझं स्वतःचं असं काहीच नाही, मी नेहमी कुणाच्या तरी जागी.' मला वाटतं तुझा खरा प्रश्न हाच आहे आणि म्युझिकल की क्लब हे त्याचं वरचं कव्हर.

अंडरस्टडीचं काम किती कठीण असतं ते बाहेरच्यांना कळत नाही. दिवसभर स्वतःचा ट्रॅक, म्हणजे प्रयोगातल्या आपल्या सगळ्या हालचाली आणि गाणी, डोक्यात, वर नायिकेचा, आणि दुपारी चारला फोन येतो की ती आजारी आहे, आज तू. तू तिच्या खुणांवर उभी राहतेस कारण लाइट तिथेच पडणार आहे, तिच्याच तालात जिना उतरतेस कारण मागून येणाऱ्या सोळा जणांचा हिशेब त्यावर आहे, तिच्याच कपड्यात मागून पिना लावून. आणि हे तू ११ वेळा न चुकता केलंस. पण या कौशल्याची एक सवय लागते, ती म्हणजे कुठलंही गाणं समोर आलं की पहिला विचार 'हे ती कसं म्हणते' असा येतो. श्वास कुठे घ्यायचा हेसुद्धा तिच्याकडून. क्लबमध्ये हीच सवय तुला सगळ्यात जास्त नडणार आहे. तिथे लाइटची खूण नाही, जिना नाही, सोळा जण नाहीत, तू जिथे उभी राहशील तीच जागा, आणि अवघ्या फूटभर अंतरावर एक माणूस ग्लास हातात धरून थेट तुझ्या डोळ्यात बघतोय.

म्हणून क्लबचा निर्णय होईपर्यंत एक काम कर, दोन गाणी घे आणि त्यांचे शब्द चाल न लावता मोठ्याने बोल, अगदी मैत्रिणीला एखादी घडलेली गोष्ट सांगतेयस तसं. जिथे बोलताना आपोआप थांबशील तिथे श्वास घे, मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो कुठे आहे ते विसरून जा. मेबल मर्सर नावाची गायिका होती, १९०० साली इंग्लंडमध्ये जन्मलेली, १९३० च्या दशकात पॅरिसच्या ब्रिकटॉपच्या क्लबमध्ये गायची आणि नंतर अनेक दशकं न्यूयॉर्कमध्ये. उतारवयात तिचा आवाज फारसा उरला नव्हता, ती सरळ खुर्चीत बसायची आणि गाणं जवळजवळ सांगायची, आणि फ्रँक सिनात्रासारखा माणूस म्हणायचा की शब्द कसे टाकायचे हे आपण तिच्याकडून शिकलो. वरचा सूर तिच्याकडे नव्हता, तरी लोक तिलाच ऐकायला यायचे. तुझा वरचा सूर परत येवो, नक्की येवो, पण तो नसतानाही तुझ्याकडे काय आहे हे त्या साठ खुर्च्यांमध्ये कळेल, बाराशे खुर्च्यांच्या थिएटरात नाही.

आता 'खाली उतरणं'. बाईंचा मान ठेवून सांगते, या दोन गोष्टी एकाच जिन्याच्या वरखालच्या पायऱ्या नाहीत. बार्ब्रा स्ट्रायसँड १८ वर्षांची असताना १९६० मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधल्या 'बॉन स्वार' क्लबमध्ये गायला लागली, १९६२ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, छोटी भूमिका, १९६४ मध्ये 'फनी गर्ल'ची नायिका. म्हणजे तिच्या बाबतीत आधी क्लब, मग थिएटर. बेट मिडलरचं उलट, १९६० च्या दशकात ती ब्रॉडवेवर 'फिडलर ऑन द रूफ'मध्ये थोरल्या मुलीचं काम करत होती आणि तिची स्वतःची ओळख झाली ती १९७० पासून एका सार्वजनिक स्नानगृहातल्या क्लबमध्ये, पियानोवर बॅरी मॅनिलो. आणि पॅटी लुपोनने तर दोन्ही एकाच वेळी केलं, 'एव्हिटा' या म्युझिकलची नायिका असताना १९८० मध्ये शनिवारचा प्रयोग संपला की मध्यरात्री 'ले मूश' क्लबमध्ये स्वतःचा शो. हे ऐकून लगेच उडी मारू नको हां, कारण 'एव्हिटा'चे दुपारचे प्रयोग तिच्याऐवजी दुसरी अभिनेत्री करायची. म्हणजे ती आठ प्रयोग अधिक क्लब असं करत नव्हती. तुला कुणी दुपारचे प्रयोग सोडायला देणार नाहीये.

पण मला तुला जिची गोष्ट खरी सांगायचीय ती बार्बरा कुक. १९५६ मध्ये 'कॅन्डिड'मध्ये तिने असलं अवघड गाणं आठवड्यामागून आठवडा म्हटलं की त्या काळी ब्रॉडवेवर तसं म्हणणाऱ्या फार नव्हत्या, १९५७ च्या डिसेंबरात 'द म्युझिक मॅन' आलं आणि त्यासाठी तिला टोनी हा ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार मिळाला. गोड, सडपातळ, उंच स्वराची नायिका. मग वय वाढलं, वजन वाढलं, दारू आणि नैराश्य आलं, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्याकडे काम जवळजवळ नव्हतं. तुझ्या एजंटचं वाक्य तिला अनेकांनी ऐकवलं असणार. तेव्हा तिला वॉली हार्पर नावाचा पियानोवादक भेटला, त्या दोघांनी मिळून गाणी निवडली, छोट्या जागी गायला सुरुवात केली आणि जानेवारी १९७५ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये तिचा कार्यक्रम झाला. नंतर जवळजवळ तीस वर्षं, २००४ मध्ये हार्पर जाईपर्यंत, ते दोघं एकत्र होते. २०१० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, ती ब्रॉडवेच्या एका रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सुट्या गाण्यांच्या कार्यक्रमात, गात होती. नायिका म्हणून तिची कारकीर्द दीड दशकाची, स्वतःच्या नावाने गाणारी म्हणून चाळीस वर्षांची. आणि तीच गाणी, काही तर तिने तरुणपणी म्हटलेली, तिने खालच्या पट्टीत आणून परत म्हटली आणि ऐकणाऱ्यांना त्यात वेगळंच सापडलं.

या गोष्टीत मला तिच्या आवाजाइतकाच हार्पर महत्त्वाचा वाटतो. तू पत्रात 'सोबत फक्त पियानो' असं लिहिलंयस, त्या 'फक्त'वर माझा आक्षेप आहे. कॅबरेत पियानोवाला म्हणजे अर्धा शो. क्लब म्हणेल आमचा माणूस आहे, तर त्याला भेट, त्याच्याबरोबर दोन तास बस, आणि एकच गोष्ट बघ, तू मधेच थांबलीस तर तो थांबतो का की आपलं वाजवत पुढे जातो. थांबला तर त्याला धर. नाही थांबला तर माणूस कितीही मोठा असू दे, दुसरा शोध. म्युझिकलमध्ये कंडक्टर तुला धरून नेतो, इथे तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत चालता.

शो कसा बांधायचा याबद्दल तू विचारलं नाहीस पण मी सांगणार, कारण नऊ वर्षं ऑडिशनच्या १६ बारमध्ये, म्हणजे गाण्याच्या छोट्याशा तुकड्यात, जगलेल्यांची एक ठरलेली चूक होते. ते सगळी ताकद दाखवणारी गाणी एकापाठोपाठ लावतात. पहिल्याच गाण्यात सगळ्यात वरचा सूर, दुसऱ्यात त्याहून वर, आणि वीस मिनिटांत ऐकणारा थकतो आणि तूही. तासाभराच्या शोला बारा ते चौदा गाणी पुरतात, त्यातली दोन-तीनच मोठी ठेव. पहिलं गाणं असं घे जे तू झोपेतही म्हणशील, कारण पहिल्या तीन मिनिटांत लोक गाणं ऐकत नाहीत, ते तुला बघत असतात, ही कोण आहे, हिच्यावर विश्वास ठेवायचा का. तुझ्या म्युझिकलमधली नायिकेची गाणी पहिल्या शोमध्ये एकच ठेव, फार तर दोन, नाहीतर ती रात्र 'मी पण नायिका होऊ शकले असते' अशी होईल आणि ते ऐकायला कुणालाच बरं वाटत नाही. सगळी गाणी स्वतःच्या पट्टीत उतरवून घे, खरंच उतरवून, कागदावर लिहून, 'अर्धा स्वर खाली घे रे' असं ऐनवेळी सांगायचं नाही.

आणि बोलणं. मधलं बोलणं लिहून काढ, पाठ कर, आणि मग पाठ केलेलं वाटणार नाही इतक्या वेळा बोल. दोन गाण्यांमध्ये मिनिटभर पुरे, कधी कधी काहीच नको. स्वतःचा जीवनक्रम सांगू नको, 'मग २०१८ मध्ये मी अमुक टूर केली' यात कुणाला रस नसतो. त्या अकरा रात्रींपैकी एका रात्रीची गोष्ट सांग. फक्त एकीची. दुपारी चारचा फोन, मागून लावलेल्या पिना, दुसरीच्या बुटात घातलेला कापूस, जे काय खरं घडलं असेल ते. मला तर पत्र वाचतानाच ती ऐकायची होती.

माइकची सवय वेगळी लागेल हेही सांगून ठेवते. थिएटरात तुझा माइक केसात किंवा कपाळावर चिकटवलेला असतो आणि तू शेवटच्या रांगेसाठी गातेस. इथे हातातला माइक आहे, मोठ्या सुराला थोडा लांब, हळू बोलताना ओठाजवळ, आणि शेवटची रांग वीस फुटांवर. चेहऱ्यावरचे थिएटरचे मोठे हावभाव इतक्या जवळून भीतिदायक दिसतात. एखाद्या रिकाम्या खोलीत फोनवर शूट करून बघ, एकदाच बघ, त्रास होईल, पण कळेल.

पैसे. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी आकड्यात सांगते, चलन सोडून देऊ, सगळं तिकिटांत मोजू. समज क्लब गल्ल्याचे ४० टक्के ठेवतो आणि ६० तुला देतो. पियानोवाल्याचं मानधन समज १० तिकिटांएवढं, साउंडवाल्याचं ४. म्हणजे तुझ्या खिशातून १४ तिकिटं आधीच गेली, ती भरून यायला साठपैकी २४ खुर्च्या भरायला हव्यात. ३५ भरल्या तर तुझ्या वाट्याला २१ तिकिटांचे पैसे येतात, त्यातून १४ गेले, उरली ७. त्यात गाणी लिहून घेण्याचा खर्च, फोटो, तालमीची खोली. म्हणजे पहिलं वर्ष तू घरून पैसे घालणार आहेस असंच धरून चाल. ओळखीचे लोक पहिल्या रात्री येतात, दुसऱ्या रात्री अर्धे, तिसऱ्या रात्री 'पुढच्या वेळी नक्की'. आणि महिन्याला एक म्हणजे वर्षाला ७२० खुर्च्या, त्या कोण भरणार आहे? म्हणून बारा महिन्यांना हो म्हणू नको. तीन रात्री माग, दोन-दोन महिन्यांच्या अंतराने, तोच शो सुधारत सुधारत. क्लब तयार नसेल तर दुसरा क्लब असतो.

त्यांना हेही विचार की शो चालू असताना खाण्यापिण्याची सर्व्हिस थांबते का, साउंड चेकला किती वेळ देणार, जाहिरात कोण करणार, रेकॉर्डिंग केलं तर ते कुणाच्या मालकीचं. गाण्यांचे हक्क हा वेगळा विषय, सुटी सुटी गाणी म्हणायला क्लबकडे असलेलं सार्वजनिक सादरीकरणाचं लायसन्स सहसा चालतं, पण एखाद्या म्युझिकलचे प्रसंग वेशभूषा-संवादांसकट करायचे म्हटलं तर हक्क असणाऱ्यांची वेगळी परवानगी लागते. क्लबकडे लायसन्स आहे ना, एवढं लेखी बघून घे.

म्हणजे म्युझिकल सोडायचं का? नाही. आत्ता नाही. तिथला पगार तुझा डॉक्टर, तुझा पियानोवाला आणि तुझ्या पहिल्या तीन रात्री चालवणार आहे. पण तुझं काँट्रॅक्ट काढ आणि बाहेर कार्यक्रम करण्याबद्दल काय लिहिलंय ते वाच, बऱ्याच काँट्रॅक्टमध्ये लेखी परवानगी लागते आणि अंडरस्टडीने प्रयोगाच्या आधी अमुक इतक्या वेळात पोचेल एवढ्या अंतरावर असावं असंही असतं. क्लबची रात्र तुझ्या सुट्टीच्या दिवशी ठेव, थिएटरवाल्यांचे क्लबमधले कार्यक्रम बऱ्याचदा त्याच रात्री असतात. फक्त ती तुझ्या गळ्याची एकमेव विश्रांतीची रात्र आहे हे विसरू नको, त्या आठवड्यात दुसरी कुठली तरी तालीम सोडावी लागेल आणि ते आधीच बोलून ठेवावं लागेल. आणि शो झाल्यावर त्या गोंगाटात उभं राहून तासभर सगळ्यांशी गप्पा मारणं, हे तर अजिबात नको. गाण्यापेक्षा गळा त्यानेच जास्त खराब होतो, मी स्वतःवर आणि बरोबरच्या कितीतरी जणींवर हे पाहिलंय. भेट, हात मिळव, हस, आणि घरी जा.

एजंटच्या वाक्याबद्दल थोडंसं. तो खोटं बोलत नाहीये, तीस ते पंचेचाळीस हा बायकांसाठी म्युझिकलमधला खरंच सुकलेला पट्टा आहे, मीही त्यातून गेलेय आणि ते अपमानासारखं लागतं. पण तो पट्टा आहे, शेवट नाही. चिता रिव्हेराला १९५७ मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी'ने नाव मिळालं, १९८६ मध्ये गाडीच्या अपघातात पाय बारा ठिकाणी मोडला, आणि १९९३ मध्ये, साठाव्या वर्षी, ती ब्रॉडवेवर नाचत टोनी घेऊन गेली. मधल्या कोरड्या वर्षांत तिने काय केलं, तर क्लबमध्ये गायली-नाचली. कलाकाराने पट्टा ओलांडेपर्यंत गात राहायला कुठेतरी जागा हवी असते, एवढंच त्या साठ खुर्च्यांचं काम आहे असं समजलीस तरी चालेल.

बाईंशी भांडू नको. त्यांनी तुला गळा दिलाय, त्यांना भीती वाटतेय की तो ग्लासांच्या आवाजात वाया जाईल, आणि ही भीती अगदीच खोटी नाही. त्यांना पहिल्या रात्रीचं बोलावणं करू नको, तेव्हा तूच थरथरत असशील. त्याआधी एखाद्या तालमीच्या खोलीत पंधरा माणसांसमोर पूर्ण शो कर, दिवे नाहीत, बार नाही, फक्त पियानो, आणि त्या पंधरात बाई आणि आई दोघींना बसव. शब्दाबद्दल वाद घालण्यापेक्षा त्यांना समोर बसून तुझं गाणं ऐकू दे. कदाचित त्यांना आवडणार नाही. तरी त्यांनी ऐकल्यावर नाही म्हटलेलं चालेल, न ऐकता म्हटलेलं नको.

राहिला तुझा कपड्यांचा प्रश्न, आणि तो मला मुळीच किरकोळ वाटत नाही, कारण तू लिहिलंयस की नऊ वर्षांत स्टेजवर स्वतःचे कपडे घालून कधी गेलेच नाही. चमचम हवीच असं नाही. उंच स्टुलावर बसता आलं पाहिजे, बरगड्या पूर्ण फुगतील एवढी कमरेला जागा पाहिजे, माइकचा हात वर गेला की खांद्यात ओढ बसता कामा नये, आणि गडद रंग असेल तर मागच्या पडद्याचा रंग आधी बघून ये, नाहीतर नुसतं डोकं दिसेल. विकत घेऊ नको, तुझ्या मापाचं शिवून घे, आणि शिंप्याकडे ट्रायलला उभी राहशील तेव्हा तिथेच पहिलं गाणं अख्खं म्हणून बघ, मोठ्याने. कुठे पिन लावायची गरज पडली तर परत उसवायला सांग.

पण आधी डॉक्टर. याच आठवड्यात.

तुझी,
ताई